आईचे ‘नाही’

जेवताना मूल मोबाइलसाठी रडते. आई म्हणते, “नाही.” घरातले सगळे म्हणतात, “दे गं, किती रडतंय लेकरू!” आणि एका शब्दापायी आई वाईट ठरते.

भागवताच्या दशम स्कंधातली यशोदामाई आठवा. कान्ह्याने दह्याचे मडके फोडले. तो घाबरलेला पाहून तिने हातातली काठी टाकून दिली. पण त्याला तसेच सोडले नाही, उखळाला बांधायला घेतले. दोरी दर वेळी दोन बोटे कमी पडे. ती घामाघूम झाली, तरी थांबली नाही. तिची दमछाक पाहून भगवंत स्वतःच बांधला गेला.

साधकांनो, काठी नको, निश्चय हवा. आज आई “नाही” म्हणेल तेव्हा तिच्या बाजूने उभे राहा. त्याआधी स्वतःचा मोबाइल बाजूला ठेवा.