ती आई वाईट होती का?

“आजोबा, ती आई वाईट होती का हो?” नातीने पुस्तक मिटता मिटता विचारले. आत चकल्या तळल्या जात होत्या. असल्या प्रश्नाची ती वेळ नव्हती. पण मुलांचे प्रश्न मुहूर्त पाहून येत नाहीत.

पुस्तक शॅरन क्रीच या अमेरिकन लेखिकेचे, ‘वॉक टू मून्स’. १९९४ साली निघालेल्या या कादंबरीला १९९५ मध्ये न्यूबेरी पदक मिळाले. तेरा वर्षांची सालामांका आजी-आजोबांबरोबर मोटारीने ओहायोहून आयडाहोतील लुइस्टन गावी निघते. आई तिथे आहे. तिच्या वाढदिवसाला पोहोचायचे आणि तिला घरी आणायचे. अखेरीस वाचकाला कळते, की आई तिथे आहे ती कबरीत. घर सोडून गेलेल्या आईच्या बसला अपघात झाला होता. मुलीला हे ठाऊक होते, मनाने ते स्वीकारले नव्हते, एवढेच.

आई गेली होती, कारण तिचे दुसरे मूल मृत जन्मले आणि तिचे मन उन्मळून पडले. मुलीला मात्र वाटत राहिले, की दोष आपलाच. आपण झाडावरून पडलो आणि आईने आपल्याला उचलून घरी नेले, म्हणूनच सारे घडले! बेन नावाचा मुलगा तिला आवडतो, पण त्याचा हात लागला की ती दचकते. एकदा मायेचा हात सुटला, की दुसरा हात धरण्याचीही भीती वाटते.

मी सात वर्षांचा असताना आई रुसून माहेरी गेली, ती दिवाळीलाही आली नाही. नरकचतुर्दशीला पहाटे आत्याने उटणे लावले. तिचे हात आईपेक्षा मऊ होते, तरी मी रडलो. त्याच आठवड्यात माझ्या हातून दुधाचे पातेले लवंडले होते. आई गेली ती त्यामुळेच, असे मी ठरवून टाकले. भाऊबीजेनंतर ती परतली. ती का गेली होती, हे मी कधी विचारले नाही. साठ वर्षांनी विचारावेसे वाटले, तेव्हा सांगायला ती उरली नव्हती.

एक तर आई वाईट, नाही तर मी वाईट. मुलाला तिसरी वाट दिसत नाही. आईला तिचे स्वतःचे दुःख असेल, हे त्याला सुचत नाही. मोठ्यांना तरी कुठे सुचते? आपण आईला देवता करतो आणि देवतेला दमायची मुभा ठेवत नाही. दुसऱ्याच्या पायताणात दोन महिने चालल्याखेरीज त्याचा न्याय करू नये, असा या पुस्तकाच्या नावाचा आशय आहे. आईच्या चपलांत आपण दोन पावले तरी चालतो का?

“वाईट नव्हती, पोरी,” मी म्हणालो, “खचली होती.”

“पण मग त्या मुलीचे काय?”

या प्रश्नाने मी गप्प झालो. आईचे दुःख समजले, म्हणून मुलीचे दुखणे खोटे ठरत नाही. दोन्ही खरी आहेत, आणि एकाने दुसरे फिटत नाही. मोठे होणे म्हणजे ही दोन्ही सत्ये एकाच मनात नांदू देणे, असे मला वाटते.

नात थोडा वेळ स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत राहिली. मग उठून आत गेली. “आई, तू दमलीस का ग?” एवढेच कानी आले. उत्तर काय मिळाले, ते चकल्यांच्या चुरचुरीत मला ऐकू आले नाही.