मागणे आणि सांगणे

दिल्लीतील माझे एक ख्रिस्ती स्नेही निवृत्त होण्यापूर्वी काही वर्षे एका नभोवाणी-सेवेसाठी आवाहनपत्रे लिहीत असत. पत्राचा साचा ठरलेला असे. आरंभी कृतज्ञता, मग अमुक रकमेत इतक्या मिनिटांचे प्रक्षेपण होते हा हिशेब, आणि अखेरीस एखाद्या श्रोत्याच्या पत्रातील चार ओळी. हिशेबाने वाचक फारसा हलत नाही, त्या चार ओळींनी हलतो, असा त्यांचा अनुभव होता. हे काम त्यांनी पुढे सोडून दिले. ते का सोडले, हे सांगण्यापूर्वी त्यामागचा प्रश्न नीट मांडणे आवश्यक आहे. ईश्वराविषयीचे जे बोलणे विनामूल्य द्यावयाचे, त्यासाठी द्रव्य मागणे उचित आहे काय? आणि उचित असेल, तर ते कोणत्या रीतीने मागावे?

नभोवाणीच्या बाबतीत हा प्रश्न अधिक टोकदार होतो, कारण हे माध्यम मुळातच खर्चिक आहे. प्रवचनकाराला झाडाची सावली पुरते. प्रक्षेपकाला वीज लागते, यंत्रज्ञ लागतात, आणि दुसऱ्याच्या केंद्रावरील वेळ विकत घ्यावा लागतो. व्हॅटिकनची नभोवाणी १९३१ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून ख्रिस्ती संस्थांनी या माध्यमावर मोठी भिस्त ठेवली आहे. भारतात आकाशवाणीची मक्तेदारी दीर्घकाळ होती. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. परंतु पुढे जे खासगी एफ. एम. परवाने निघाले, त्यांच्या अटींनी धार्मिक संस्थांना दूरच ठेवले. परिणामी भारतीय भाषांतील ख्रिस्ती कार्यक्रम पुष्कळदा देशाबाहेरच्या केंद्रांवरून येत राहिले. सेशेल्स बेटांवरून १९७० पासून २००३ पर्यंत असे प्रक्षेपण होत असे. श्रीलंकेतील पुत्तलम येथील केंद्रही याच कामाचे. ट्रान्स वर्ल्ड रेडिओची भारतीय शाखा दिल्लीतून काम करते. म्हणजे बोलणारा दिल्लीत, प्रक्षेपक समुद्रापार, ऐकणारा एखाद्या खेड्यात, आणि देणारा बहुधा चौथ्याच ठिकाणी. या चौघांची परस्परांशी गाठ कधीच पडत नाही. ज्या नैतिक अडचणीचा मी विचार करतो आहे, ती या न-भेटण्यातून उद्भवते.

आपल्या परंपरेने या प्रश्नाची दोन उत्तरे दिलेली आहेत. ज्या घरी कीर्तन करावे तेथील अन्न घेऊ नये, बुक्कासुद्धा लावून घेऊ नये, असा कडक दंडक तुकोबांच्या अभंगात सांगितला आहे. येथे भय आहे ते वाणी विकली जाण्याचे. रामदासांची भूमिका निराळी आहे. दासबोधाच्या चौदाव्या दशकात त्यांनी भिक्षेवर एक स्वतंत्र समास लिहिला. त्यांना भिक्षा लाजिरवाणी वाटत नाही. ती लोकांत मिसळण्याची वाट वाटते. अट इतकीच की कोणी पुष्कळ आणून दिले तरी मूठभरच घ्यावे. एकाने मागणेच वर्ज्य केले, दुसऱ्याने मागण्याला मूठ हे माप घातले. ख्रिस्ती परंपरेतही ही द्विधा आहे. पौल तंबू शिवून पोट भरीत असे. करिंथ येथील मंडळीकडून त्याने स्वतःसाठी काही घेतले नाही, फिलिप्पैच्या मंडळीकडून मात्र घेतले, आणि यरुशलेमच्या गरिबांसाठी तर त्याने गावोगाव वर्गणी मागितली. स्वतःसाठी मागणे आणि दुसऱ्यासाठी मागणे यांत त्याने भेद केला. परंतु प्रचारकार्यासाठी मागितलेला पैसा या दोहोंपैकी कोणत्या बाजूला पडतो, हे ठरवणे सोपे नाही.

या कोड्याचा सर्वांत बोलका दाखला मराठी इतिहासातच सापडतो. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या. त्यांनी गावोगाव व्याख्याने दिली, पुस्तक प्रसिद्ध केले, आणि बोस्टन येथे स्थापन झालेल्या मंडळाने त्यांच्या शाळेला दहा वर्षे साहाय्य देण्याचे मान्य केले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. धर्माच्या बाबतीत शाळा तटस्थ राहील, ही त्यामागची अट होती. रमाबाई स्वतः ख्रिस्ती होत्या. आपल्या खोलीत त्या प्रार्थना करीत, आणि खोलीचे दार उघडे असे. काही मुली तेथे येऊन बसू लागल्या. पुण्यात गदारोळ उठला, आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले. बोस्टनच्या मंडळाने रमाबाईंवरील विश्वास मात्र काढून घेतला नाही. या प्रकरणात कोण बरोबर, यावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्यातील एकच मुद्दा येथे महत्त्वाचा वाटतो. घेतलेल्या पैशाला एक वचन चिकटलेले असते. दाराची कडी लावणे हा आपल्या श्रद्धेचा अपमान, आणि दार उघडे ठेवणे हा दिलेल्या शब्दाचा भंग ठरण्याचा संभव, असा पेच त्या पैशाने उभा केला. धनाने रमाबाईंना शाळा दिली आणि त्याच वेळी त्यांच्या प्रार्थनेला साक्षीदार नेमले.

पुढे केडगावच्या मुक्ती सदनात रमाबाईंनी निराळा मार्ग धरला. ब्रिस्टल येथे हजारो अनाथांचा सांभाळ करणाऱ्या जॉर्ज म्युलर यांच्या चरित्राचा त्यांच्यावर प्रभाव होता. कोणाही माणसाजवळ पैसा मागावयाचा नाही, केवळ प्रार्थना करावयाची, हा म्युलर यांचा बाणा होता. तथापि ते आपल्या कार्याचे वृत्तान्त नियमाने प्रसिद्ध करीत, आणि ते वाचून देणग्या येत. टीकाकाराने यावर हसावे हे सोपे आहे: न मागता सांगणे हेही मागणेच नव्हे काय? मला हा आक्षेप अपुरा वाटतो. मागणारा समोरच्यावर उत्तराचा भार टाकतो. सांगणारा त्याला गप्प राहण्याची मोकळीक देतो. दानाचे मूल्य या मोकळिकीत आहे. नाही म्हणण्याची सोय जेथे उरत नाही, तेथे जे दिले जाते ते दान नसून खंडणीचे सौम्य रूप असते. परंतु सांगण्यालाही एक मर्यादा हवी, आणि ती म्हणजे आपण कोणाची गोष्ट सांगत आहोत याचे भान.

नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ उभारला. ख्रिस्तकथा कीर्तनाच्या पद्धतीने सांगणाऱ्या या कवीला पगाराची रक्कम खुपत नव्हती. आपला शब्द आणि आपले वेतन एकाच हाताने येतात, हे ऐकणाऱ्याला दिसते, याची त्यांना खंत होती. दोन वर्षांतच ते वारले. व्यवहाराच्या दृष्टीने या प्रयोगाला यश आले असे म्हणवत नाही. पण ऐकणाऱ्याच्या नजरेतून स्वतःकडे पाहण्याचे जे धैर्य त्यात होते, ते दुर्मीळ आहे.

नभोवाणीत हा ऐकणाराच अदृश्य असतो. तो प्रकट होतो तो त्याच्या पत्रातून. म्हणून अशा संस्थांत श्रोत्याच्या पत्राला फार मोल असते. कोणी ऐकते आहे याचा तोच पुरावा. आणि येथेच घसरण सुरू होते. पत्र एका बाजूने सांत्वन मागत येते आणि दुसऱ्या बाजूने आवाहनात जाऊन बसते. माझ्या स्नेह्यांच्या बाबतीत असेच घडले. एका विधवा बाईंच्या पत्रातील ओळी त्यांनी नाव-गाव गाळून छापल्या होत्या. काही महिन्यांनी त्या बाई नातलगांकडे दिल्लीला आल्या असता कार्यालयात भेटावयास आल्या. टेबलावरील छापील पत्र त्यांनी वाचले आणि आपल्या ओळी ओळखल्या. त्या रागावल्या नाहीत. “हे मी तुम्हाला लिहिलं होतं,” एवढेच म्हणाल्या. नाव गाळल्याने गोष्ट परकी होत नाही, हे स्नेह्यांना त्या दिवशी कळले. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांनी कोणाला फसवले नव्हते. पण एका माणसाचा विश्वास दुसऱ्या माणसाच्या पैशासाठी वापरला होता.

राज्यसंस्थेला या प्रश्नाची दुसरीच बाजू दिसते. परदेशी पैसा आणि धर्मांतर यांची चर्चा आपल्याकडे १९५६ च्या नियोगी समितीच्या अहवालापासून गाजत आहे. परदेशी देणग्यांविषयीचा कायदा १९७६ चा. २०१० मध्ये तो नव्याने झाला. २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी प्रत्येक देणगी प्रथम नवी दिल्लीतील संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील खात्यातच जमा व्हावी लागते. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. यांपैकी खात्याच्या सक्तीसारखी बंधने सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये वैध ठरवली. त्यांच्या औचित्याविषयी मतभेद आहेत आणि ते राहतील. कायदा पैसा कोठून आला आणि कशावर खर्च झाला, हे विचारू शकतो. तो मागताना काय दाखवले, हे विचारण्याचे काम विवेकाचे आहे.

मूठभर देण्याच्या परंपरेत मला एक दिशा दिसते. मिझोराममध्ये १९१० पासून ख्रिस्ती स्त्रिया प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढतात. त्या तांदळावर तेथील मंडळीचे केवढे तरी कार्य चालले आहे. महाराष्ट्रात अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड उभारला, आणि त्यातून तळेगावचा काचकारखाना निघाला. या दोन्ही ठिकाणी देणारा लहान आहे आणि जवळचा आहे. त्याला दूरच्या दुःखाचे चित्र दाखवावे लागत नाही, कारण ते कार्य त्याला आपले वाटते. मोठी देणगी दात्याला मालकीची जाणीव देते. मूठ केवळ सहभागाची देते. अर्थात मुठीमुठीने प्रक्षेपकाचे बिल भागेलच असे नाही. तेव्हा कदाचित थोडे कमी बोलावे लागेल. कार्य लहान होणे ही प्रत्येक वेळी हानीच असते, असे मात्र मला वाटत नाही.

स्नेह्यांशी या विषयावर बोलताना आम्ही एका कसोटीपाशी येऊन थांबलो. दात्याला पाठवावयाचे पत्र त्याच प्रक्षेपणातून, त्याच श्रोत्याला ऐकू येईल असे मोठ्याने वाचून दाखवता आले पाहिजे. जे त्याच्या कानांवर घालण्याचा संकोच वाटतो, ते त्याच्या पाठीमागे लिहू नये. स्नेही म्हणाले, “अशी पत्रे लिहिली असती, तर पैसे कमी आले असते.” थोड्या वेळाने त्यांनीच पुढे जोडले, “पण त्या बाई आल्या, तेव्हा मला टेबलावरचा कागद उलटा ठेवावासा वाटला नसता.”