बादलीतलं उणे पाणी

जुलैचा दुसरा पंधरवडा लागला की सांगलीत आकड्यांचा हंगाम सुरू होतो. पानवाला, भाजीवाली, रिक्षावाला, सगळे क्युसेक आणि टीएमसीत बोलायला लागतात. कोयनेची आवक किती, पायथा वीजगृहातून नुसते २,१०० सुटलेत की सहा वक्र दरवाजेही उचललेत, आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका, हे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतं. २०१९च्या ऑगस्टमध्ये त्या पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं, तेव्हापासून तर प्रत्येक घरात एक हवामानखातं उघडलंय. वर साताऱ्यात पाऊस, खाली सांगलीत पूर. दोन जिल्ह्यांचं नातं असं पाण्यानंच लिहिलेलं आहे.

नेमक्या त्याच दिवसांत बी.एस्सी.च्या वर्गांत डिफरन्शियल इक्वेशन सुरू होतं. ‘एका टाकीत शंभर लिटर खारं पाणी आहे’ असं गणित फळ्यावर पडतं. कुठली टाकी, कुणाची, खारं पाणी तिथं आलं कुठून, कुणी विचारत नाही. मी या विषयाचा मास्तर. कित्येक वर्षं मीही तीच टाकी भरत आणि उपसत आलो. खिडकीबाहेर कृष्णा चढत असायची आणि आम्ही आत कुणा अज्ञाताचं मीठ मोजत बसायचो.

एकदा वर्गात सहज विचारलं, एक टीएमसी पाणी दिवसभरात सोडायचं तर किती क्युसेकनं सोडावं लागेल? दोन्ही शब्द सगळ्यांच्या तोंडी, पण त्यांच्यातलं नातं कुणाला ठाऊक नव्हतं. हिशेब सोपा आहे. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. दिवसाचे सेकंद ८६,४००. भागाकार येतो ११,५७४ च्या आसपास. म्हणजे लाख क्युसेकचा विसर्ग दिवसभर चालला तर साडेआठ टीएमसीहून थोडं जास्त पाणी जातं, आणि वरून एक थेंब न येता १०५.२५ टीएमसीचं कोयना धरण रिकामं व्हायला बारा दिवस लागतात. पोरं गप्प झाली. व्हॉट्सॲपवर रोज फिरणाऱ्या आकड्यांना त्यांनी पहिल्यांदाच हात लावला होता.

तिथून आम्ही बादलीवर आलो. नदीचं सगळ्यात साधं प्रतिरूप म्हणजे बुडाला भोक असलेली बादली. वरून येतं ते वाढवायचं, खालून जातं ते वजा करायचं, आणि बाहेर जाणारं पाणी साठ्याच्या प्रमाणात धरायचं. समजा, तासाला साठ्याचा पाचवा हिस्सा बाहेर पडतो. यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही, एक्सेलचे दोन रकाने पुरतात. ही रीत अठराव्या शतकातल्या ऑयलरची आहे. आत्ताच्या वेगानं थोडा वेळ पुढं जा, थांब, नवा वेग काढ, पुन्हा पुढं जा.

एका विद्यार्थ्यानं ओळी कमी लिहाव्या लागाव्यात म्हणून सहा-सहा तासांची उडी घेतली. सुरुवातीला बादलीत शंभर एकक पाणी, वरून काही येत नाही. तासाला वीस, म्हणून सहा तासांत एकशेवीस गेले. उरले उणे वीस. पुढच्या उडीला अधिक चार, मग उणे शून्य पूर्णांक आठ. पडद्यावर आलेख अक्षाच्या वरखाली उचकी लागल्यासारखा उडत होता. मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, बादली उधारीवर चालली!”

त्या दिवशी मी पुढचा धडा बाजूला ठेवला. उडी एका तासाची केली, तर सहा तासांनंतर २६.२ उरले. अर्ध्या तासाची केली, तर २८.२. आणखी लहान केली की आकडा तिशीकडं सरकतो, पण ३०.१ च्या आसपास येऊन अडतो. का अडतो? तिथं नेपिअरची ती संख्या, दोन पूर्णांक सात एक आठ, पुस्तकातून न येता बादलीच्या भोकातून बाहेर आली. उडी शून्याकडं नेणं म्हणजे काय, हे मी अकरा-बारा वर्षं फळ्यावर सांगत होतो. एका आळशी पोराच्या उण्या पाण्यानं ते दहा मिनिटांत सांगितलं.

माझं म्हणणं एवढंच आहे. संगणकातलं प्रतिरूप शिकवतं ते चुकतं तेव्हा, आणि तेही विद्यार्थ्याच्या हातून चुकतं तेव्हा. आपल्या प्रयोगशाळांत मात्र ते चुकू नये अशीच व्यवस्था असते. तयार प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून येतो, आलेख छापला जातो, जर्नलला चिकटतो, सही होते. लंबकाच्या प्रयोगात ‘जी’ची किंमत ९८० यायलाच हवी म्हणून आधी उत्तर लिहून मग रीडिंग बनवणारी जी पिढी होती, म्हणजे आमची, तिच्याच या नव्या आवृत्त्या. साधन बदललं, खोड तीच राहिली.

साधनांची ददात नाही, हे कबूल करायला हवं. ऑस्ट्रियात मार्कुस होहेनवार्टरनं २००१च्या सुमारास सुरू केलेलं जिओजेब्रा फोनवर फुकट चालतं. भौतिकीचे नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी २००२ साली कोलोरॅडोत सुरू केलेल्या ‘फेट’ची कित्येक प्रतिरूपं मराठीतही उघडतात. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मध्ये सायलॅबसारख्या सॉफ्टवेअरचे धडे मराठीतून ऐकायला मिळतात. माणमधल्या नाहीतर जतमधल्या ज्या मुलाच्या घरात लॅपटॉप कधी येणार नाही, त्याच्याही खिशात आज हे सगळं आहे. १९१९ साली कर्मवीरांनी काले इथं रयत शिक्षण संस्था काढली आणि त्याच साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीनं सांगलीत विलिंग्डन कॉलेज सुरू केलं. तेव्हा इथल्या मुलांपर्यंत विज्ञान पोचवायचं म्हणजे आधी भिंती उभ्या कराव्या लागत. ती अडचण आता तेवढी उरलेली नाही. आताची अडचण डोळ्यांची आहे.

डोळ्यांची म्हणजे कशी, ते सांगतो. दोन चलांच्या फलनाची सीमा हा द्वितीय वर्षाचा बदनाम धडा. अंशात क्ष गुणिले य, छेदात दोघांच्या वर्गांची बेरीज, असं एक फलन घ्या. शून्यबिंदूकडं वेगवेगळ्या सरळ रेषांनी जा. वेगवेगळ्या रेषांवर वेगवेगळ्या किमती मिळतात. एका कर्णावर अर्धा, दुसऱ्यावर उणे अर्धा, अक्षांवर शून्य. जिओजेब्रात तो पृष्ठभाग फिरवून पाहिला की मधोमध चुरगळलेल्या कागदासारखी गुंतागुंत दिसते, आणि सीमा का नाही ते न सांगता कळतं. इथं चित्राचा विजय.

आता जरा बदला. अंशात क्षचा वर्ग गुणिले य, छेदात क्षचा चौथा घात अधिक यचा वर्ग. कुठल्याही सरळ रेषेनं या, उत्तर शून्य. डोळे सरळ रेषांनी पाहायला सरावलेले असतात, ते म्हणतात, आहे की सीमा. पण य बरोबर क्षचा वर्ग या वाकड्या वाटेनं आलात तर उत्तर सतत अर्धा. पडद्यावर ती वाट बारीक दुमडीसारखी दिसते, जाळी मोठी असली तर दिसतही नाही. पहिल्या चित्रानं जो विश्वास दिला तोच दुसऱ्यानं काढून घेतला. ही दोन फलनं मी नेहमी एकाच तासात, याच क्रमानं दाखवतो. नुसतं पहिलं दाखवणं मला फसवणूक वाटते.

रसायनवाल्या मित्राची तक्रार वेगळी. रेणूंची सुंदर फिरती चित्रं पाहून मुलं विचारतात, ऑक्सिजन लालच का असतो? लाल ऑक्सिजन, काळा कार्बन, पांढरा हायड्रोजन ही केवळ ओळखीची सोय आहे. ते मुलांना सांगावं लागतं, आणि सांगायचं राहून जातं.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली याच सांगलीत ‘सीतास्वयंवर’ रंगवलं. मराठी रंगभूमी तिथून मोजतात. भाव्यांच्या लाकडी बाहुल्याही प्रसिद्ध आहेत. बाहुलीच्या खेळात प्रेक्षकाला दोरी दिसली तर खेळ फसतो. आमच्या धंद्यात उलटं आहे. दोरी दिसली नाही तर तास फसला.

खडूवाल्या मास्तरांना मी म्हणूनच हसत नाही. खोगिरासारखा पृष्ठभाग खडूनं फळ्यावर काढणारे एक सर मला होते. आधी एक पॅराबोला वर, मग एक खाली, मग त्यांना शिवणाऱ्या रेषा. आकृती आमच्यासमोर वाढत जायची आणि तिच्याबरोबर समजही. पडद्यावर ती एका क्लिकमध्ये येऊन पडते, जन्माला येताना दिसत नाही. म्हणून माझ्या तासाला एक जाचक नियम आहे. एंटर दाबण्याआधी जर्नलमध्ये पेन्सिलनं अंदाजाचा आलेख काढायचा, आणि नंतर खोडायचा नाही. मुलांना तो आवडत नाही. एका तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनाही आवडला नाही. जर्नल अस्वच्छ आहे, म्हणाले. गुण कापले गेले. मुलांनी ते माझ्या नावावर जमा केले, आणि बरोबरच केलं.

अंदाजाची ही सवय संगणकाआधीची आहे. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर कागदावर आकडे उलटसुलट करत बसायचे. चार आकडी संख्या घ्या, चारही अंक सारखे नसले म्हणजे झालं. अंक उतरते लिहा, चढते लिहा, वजा करा, पुन्हा तेच. पुराचं वर्ष घेऊ, २०१९. ९२१० वजा ०१२९ म्हणजे ९०८१. त्यातून ९६२१, त्यातून ८३५२, त्यातून ६१७४, आणि तिथून पुढं हलत नाही. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या तिथंच येते. आज पहिल्या वर्षाची मुलगी पाच ओळींच्या पायथनमध्ये सगळ्या संख्या पापणी लवायच्या आत तपासते. तपासून झालं की मी विचारतो, पाच आकड्यांचं काय होईल? आधी पेन्सिल. (काय होतं ते इथं सांगत नाही. करून बघा.)

कोयनेकडं पाणी सोडून आणखी एक खजिना आहे. धरणात १९६२ साली पाणी साठायला लागलं, ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला, आणि पाटण तालुक्याला तेव्हापासून लहान धक्क्यांची सवय आहे. कऱ्हाडला केंद्राच्या भूविज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळा उभी राहिली, गोठणे इथं तीन किलोमीटर खोल विवर खणलं गेलं. तीव्रता एकनं वाढली की धक्क्यांची संख्या साधारण दहा पटींनी कमी होते, हा नियम संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला घरच्या जमिनीवर तपासता येईल. आम्ही त्याला अजून परदेशी फुलांच्या पाकळ्यांची मापं देतो.

गेल्या वर्षी मुलांनी बादल्या वाढवल्या. एक कोयनेची, एक वरच्या कृष्णेची, कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर त्यांची बेरीज, मग हरिपूरला वारणेची तिसरी. वर्तमानपत्रातले विसर्गाचे जुने आकडे भरले आणि आयर्विनच्या फुटांशी ताडून पाहिले. चढ बऱ्यापैकी जुळला. उतार मात्र काही केल्या जुळेना. प्रतिरूपातला पूर लवकर ओसरत होता, खरा रेंगाळत होता. भोक लहान केलं, तर चढ बिघडला. ताबडतोब खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या उंचीवरून भांडण जुंपलं. ५१९.६० मीटर, ५२४.२५६ मीटर, सगळे आकडे पाठ, आवाज चढलेले.

हरिपूरची एक मुलगी भांडणात नव्हती. ती फळ्यापाशी गेली. आमच्या चित्रात सगळे बाण खालीच जात होते, वरची बादली खालचीला पाणी द्यायची, खालचीचं वरचीला काही सोयरसुतक नव्हतं. “आमच्याकडं पाणी येत नाही सर, थांबतं,” ती म्हणाली. “खाली नरसोबाच्या वाडीला पंचगंगा फुगलेली असली की आमचं जाईल कुठं?” आणि तिनं शेवटच्या बाणाला मागच्या बाजूनं दुसरं टोक काढलं.

अलमट्टीवाले गप्प झाले नाहीत, पण वळून बघायला लागले. बाण दुतोंडी झाला की आमची दोन रकान्यांची रीत चालत नाही. भोकातून किती जाईल हे आता खालची बादली किती भरलीय त्यावरही ठरणार. तिनं खडू माझ्याकडं दिला. समीकरण कसं लिहायचं ते मला तेव्हा सुचलं नाही. मी तिला पेन्सिल घ्यायला सांगितलं, आणि माझीही काढली.