चमचाभर लिक्विड

मुकुटबनच्या आसपास जमिनीत चुनखडी आहे. तिच्यामुळेच इथे सिमेंटचा कारखाना आला. चुनखडीच्या मुलखातलं बोअरचं पाणी जड असतं. अंगाचा साबण त्यात नीट फेसाळत नाही, कॅल्शियमशी जुळून त्याचा पांढरट साका होतो. भांड्याच्या लिक्विडचं सहसा तसं होत नाही. जड पाण्यातही ते काम करतं, आणि थोडंच पुरतं. हे थोडंच पुरतं, एवढंच आपण विसरतो.

चुलीच्या काळात पऱ्हाट्यांची राख आणि नारळाची शेंडी एवढ्यावर भांडे लख्ख निघत. राख फुकट होती, तरी बाया ती चिमटीनेच घेत. राख जास्त झाली की विसळायला पाणी जास्त, आणि पाणी विहिरीवरून डोक्यावर आणायचं. आता बाटली दाबली की धार लागते. फेस जास्त तितकी स्वच्छता जास्त, असं आपल्या मनाने घेतलंय. पण तेलकटपणा फेसाने निघत नाही. लिक्विडच्या कणाचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला. म्हणून तेल सुटतं. त्याला वाटीभर पाण्यात एक चमचा पुरे. घासणी त्यात बुडवत जायची. कालवलेलं मात्र त्याच दिवशी संपवावं, पाणी मिसळून ठेवलं तर ते नासतं.

तेल सोडवणं हा त्याचा स्वभाव. तो कळला की घरातली बाकीची कामं आपोआप सुचतात. कॉलरवरच्या काळ्या पट्ट्याला एक थेंब चोळून दहा मिनिटं ठेवावा, मग कपडा धुवावा. चष्म्याच्या काचा, कंगवा, स्वयंपाकघरातली चिकट जाळी यांनाही थेंबच लागतो. वांग्याच्या कोवळ्या शेंड्यावर मावा दिसला, तर लिटरभर पाण्यात चार-सहा थेंब टाकून संध्याकाळी शिंपडावं. आधी एका पानावर करून पाहावं, सकाळी साध्या पाण्याने झाड धुवावं. कपाशीवाल्यांना हे नवं नाही. पाच टक्के निंबोळी अर्काच्या १०० लिटर फवाऱ्याला ५ किलो निंबोळी लागते, आणि २०० ग्रॅम साबणाचा चुराही, म्हणजे औषध पानावर पसरतं.

नवं सिलिंडर लावलं की मी त्याच वाटीतलं पाणी बोटाने रेग्युलेटरच्या सांध्यावर लावते आणि क्षणभर बघत राहते. फेस तसाच बसून राहिला तर सगळं ठीक. एखादा बुडबुडा फुगत चालला तर गॅस गळतोय. मग रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, विजेच्या बटणाला हात नाही, आणि बाहेर येऊन १९०६ ला फोन. काडी ओढून पाहण्याची सवय ज्या घरात असेल, तिथे ती आजच मोडावी.

नळावरचा पांढरा थर मात्र लिक्विडने जाणार नाही. तो चुन्याचा, त्याला लिंबाची फोड लागते. काय कशाला चालत नाही, हे ठाऊक असणं हीसुद्धा काटकसरच.

वाचलेल्या थेंबाचे पैसे फार होत नाहीत. पण तो थेंब धुवायला लागणारं पाणी वाचतं, आणि उन्हाळ्यात त्या पाण्याची किंमत आपल्या भागात कुणाला सांगावी लागत नाही. आज भांडे घासायला बसाल, तेव्हा बाटली बाजूला ठेवा आणि आधी वाटी घ्या.