मजुरी आणि न्याय

अंगमेहनतीच्या कामाबद्दल जे पैसे आकारले जातात त्यांना मराठीत मजुरी म्हणतात. शब्द फारसीतून आला आणि पुरता रुजला. सोनाराच्या पावतीवर सोन्याच्या भावाखाली मजुरीची वेगळी ओळ असते. तिलाच घडणावळ म्हणतात. दळणावळ, पिंजणावळ, शिवणावळ हे शब्द त्याच घाटाचे. वर्धा जिल्ह्यात कापूस वेचणारीला किलोमागे पैसे मिळतात, निंदणाला रोजाने, आणि सालगड्याचा करार गुढीपाडव्यापासून वर्षाचा ठरतो. वकील मात्र फी घेतो, भटजी दक्षिणा आणि वक्ता मानधन. त्यांच्या मिळकतीला कोणी मजुरी म्हणत नाही. समाजातली उतरंड भाषेने इथे मुकाट्याने मान्य केलेली दिसते.

या उतरंडीलाच गांधीजींचा आक्षेप होता. जॉन रस्किनचे ‘अन्टू धिस लास्ट’ हे १८६२ सालचे पुस्तक त्यांनी १९०४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत वाचले आणि १९०८ मध्ये ‘सर्वोदय’ या नावाने त्याचे गुजराती सार लिहिले. वकिलाच्या आणि न्हाव्याच्या कामाचे मोल सारखेच, हा धडा त्यांनी त्यातून घेतला. रस्किनच्या पुस्तकाचे नाव येशूच्या एका दृष्टांतातून आले आहे. द्राक्षमळ्याचा मालक सकाळपासून राबलेल्यांना आणि शेवटच्या तासाला आलेल्यांनाही सारखाच रोज देतो. सकाळचे मजूर कुरकुरतात, आणि त्यांची कुरकुर अगदीच गैरवाजवी म्हणता येत नाही. मजुरी कामाच्या मापाने द्यायची की पोटाच्या गरजेने, हा पेच त्या गोष्टीत आहे.

वर्ध्यात हा पेच हिशेबाच्या वहीत उतरला. १९३५ मध्ये गांधीजी मगनवाडीत राहत असताना चरखा संघापुढे कताईच्या दराचा प्रश्न आला. तोवर दर बाजाराच्या चालीने ठरत होता आणि दिवसभर सूत काढूनही बाईचे पोट भरत नव्हते. आठ तासांच्या कताईला आठ आणे मिळावेत, असे गांधीजींचे म्हणणे होते. एवढा दर दिला तर खादी महागेल, खपणार नाही आणि कातणारीचे आहे ते कामही जाईल, ही कार्यकर्त्यांची भीती. शेवटी तूर्त तीन आण्यांचे उद्दिष्ट ठरले. तत्त्व आणि गिऱ्हाईक यांच्यातली ही तडजोडच होती. पण निर्वाहापुरती मजुरी हा कातणारीचा हक्क आहे, एवढे या तडजोडीने मान्य केले.

विनोबांनी वर्ध्याजवळच्या नालवाडीत स्वतः रोज तासन्‌तास सूत कातून त्याच मजुरीवर गुजराण करून पाहिली. यामागे गीतेच्या तिसऱ्या अध्यायातला यज्ञाचा विचार होता. यज्ञ न करता खाणाऱ्याला तिथे चोर म्हटले आहे, आणि गांधी-विनोबांनी या यज्ञात शरीरश्रम पाहिला. आश्रमाच्या एकादश व्रतांतही शरीरश्रम आहे. अर्थात, व्रत म्हणून कातणाऱ्याला चरखा सोडण्याची मुभा असते, पोटासाठी कातणारीला नसते. म्हणून या प्रयोगाचे महत्त्व तपश्चर्येपेक्षा पडताळणीत अधिक: ठरवलेला दर जगू देतो की नाही, हे त्यातून कळत होते.

१९५० मध्ये पवनारच्या आश्रमात विनोबांनी कांचनमुक्तीचा प्रयोग सुरू केला: पैसा वर्ज्य आणि बैलांशिवाय शेती. पैसाच नाही म्हटल्यावर मजुरीचा प्रश्न उरला नाही. पण तो आश्रमापुरताच. शिवाय आश्रमाकडे जमीन होती, भूमिहीनाकडे ती नसते. १९५१ च्या वसंतात विनोबा पवनारहून पायी निघाले. १८ एप्रिलला तेलंगणातल्या पोचमपल्लीत दलितांनी त्यांच्याकडे वाढीव रोज मागितला नाही, कसायला ८० एकर जमीन मागितली. गावच्या रामचंद्र रेड्डींनी १०० एकर देऊ केली आणि भूदान सुरू झाले.