लाभलेलीं वर्षें आणि देहाची मशागत

ज्याला एकदां मरणाची तयारी कर असें सांगण्यांत आलें, त्यानें साठाव्या वर्षीं आपल्या दंडांत व मांड्यांत बळ यावें म्हणून नित्य व्यायाम करावा काय? हा प्रश्न कित्येकांस प्रथम चमत्कारिक वाटेल. परंतु एच.आय.व्ही.चा संसर्ग अंगीं असतांना म्हातारपणास पोंचलेलीं माणसें आतां खेड्यापाड्यांतही आहेत, आणि त्यांच्यापुढें हा प्रश्न रोजचा आहे. देहाची निगा राखणें हा स्वार्थ कीं कर्तव्य? आणि कर्तव्य असल्यास तें एकट्या रोग्याचें, कीं त्याच्या शेजाऱ्यांचेंही? याचा आपण शांतपणें विचार करूं.

प्रथम हीं माणसें म्हातारपणास पोंचलीं कशीं तें पाहूं. या रोगाचीं पहिलीं प्रकरणें १९८१ सालीं अमेरिकेंत नोंदलीं गेलीं, आणि १९८३ सालीं त्याचा विषाणु सांपडला. १९८६ सालीं मद्रास, म्हणजे आजचें चेन्नई, येथें डॉ. सुनीति सॉलोमन व डॉ. सेल्लप्पन निर्मला यांच्या शोधानें तो भारतांतही आला असल्याचें उघड झालें. त्या काळीं हें निदान म्हणजे मृत्यूचें बोलावणेंच होतें. १९९६ च्या सुमारास अनेक औषधें एकत्र देण्याची पद्धति निघाली, व मरणाचा ओघ ओसरूं लागला. १ एप्रिल २००४ पासून आपल्या सरकारनें हीं औषधें फुकट देण्यास आरंभ केला. आरंभींच्या रुग्णालयांत मुंबईचें जे. जे. रुग्णालयही होतें. जो मनुष्य तेव्हां चाळिशींत होता व ज्यानें गोळ्या नेमानें घेतल्या, त्यानें आज साठी ओलांडली आहे. एवढेंच नव्हे, तर ज्याच्या रक्तांतील विषाणु औषधानें तपासणींत न दिसण्याइतका दबून राहतो, त्याच्यापासून शरीरसंबंधानेंही दुसऱ्यास लागण होत नाहीं, हें आतां सिद्ध झालें आहे. मग शेजारीं बसल्यानें किंवा एका ताटांत जेवल्यानें ती होईल ही भीति तर आरंभापासूनच निराधार होती.

परंतु गोळ्यांनीं वर्षें दिलीं, त्या वर्षांत चालण्याचें बळ मात्र त्यांच्या बरोबर आपोआप आलें नाहीं. म्हातारपणीं स्नायु प्रत्येकाचेच झिजतात. या रुग्णांत तर विषाणु दबला तरी शरीरांत एक मंद दाह पुष्कळदां धुमसत राहतो. त्यामुळें हृदयाचे विकार इतरांपेक्षां अधिक होतात. हाडेंही विरळ होतात. आरंभींच्या कांहीं औषधांनीं गालांची व हातापायांची चरबी वितळून गेली, ती कित्येकांची अद्याप परत आली नाहीं. म्हणूनच या रोगाचा अभ्यास करणारे विद्वान वयाच्या पन्नाशीपासूनच यांना वयस्कर गणितात.

यावर व्यायामाचा उपयोग होतो काय? होतो, आणि त्याची परीक्षा झाली आहे. कॅनडांतील केली ओब्रायन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं जगांत ठिकठिकाणीं झालेले प्रयोग पडताळून २०१६ व २०१७ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांची प्रकृति स्थिर आहे अशा रुग्णांनीं आठवड्यांतून तीन वेळां, निदान वीस वीस मिनिटें, पांच आठवडे किंवा अधिक व्यायाम केला, तर तो निर्धोक असतो व त्यापासून दम आणि शक्ति वाढूं शकते, असें त्यांस आढळलें. अमेरिकेंतील कोलोरॅडो येथें पन्नास ते पंचाहत्तर वर्षांच्या बैठें जीवन जगणाऱ्या माणसांकडून, कांहीं संसर्ग असलेल्या व कांहीं नसलेल्या, चोवीस आठवडे चालण्याचा व वजन उचलण्याचा व्यायाम करून घेण्यांत आला. दोहोंचीही शक्ति वाढली. तेव्हां "आतां या देहांत काय उरलें आहे?" हें म्हणणें खरें नव्हे. पडीक जमिनीसही मशागत लागू पडते.

आतां आक्षेप ऐकूं. कोणी म्हणेल, "नाशवंत देहाची एवढी काळजी कशाला?" उत्तर असें कीं, येथें प्रश्न देह मिरविण्याचा नाहीं. खाटेवरून आधाराशिवाय उठणें, विहिरीपर्यंत जाऊन येणें, नातवंडास कडेवर घेणें, पडून कमरेचें हाड न मोडणें, एवढ्यासाठींच हें बळ हवें आहे. जो दुसऱ्याच्या खांद्यावर आपला भार थोडा कमी टाकूं शकतो, त्यानें तसें करणें हा स्वार्थ कसा म्हणावा?

दुसरा म्हणेल, "आम्ही जन्मभर शेतांत राबलों, तोच आमचा व्यायाम." या म्हणण्यांत कांहीं तथ्य आहे, पण कष्ट आणि व्यायाम एक नव्हेत. खुरपणीला दिवसभर वांकून बसल्यानें पाठ दुखते, पण तोल सावरण्याची शक्ति त्यानें वाढत नाहीं. व्यायामांत भार थोडा थोडा वाढवितात, मध्यें विसांवा देतात, व त्याला पुरेसें अन्न लागतें. मजुरींत या तिन्ही गोष्टी मालकाच्या व दैवाच्या हातीं असतात. म्हणून जी विधवा अर्ध्या पोटीं परक्याच्या शेतांत राबते, तिला आधीं भाकरी व विसांवा द्यावा. व्यायामाचा उपदेश मागून करावा.

येथेंच मूळ नैतिक प्रश्न उभा राहतो. व्यायामास कर्तव्य म्हटलें, कीं त्याचें दूषण होण्यास वेळ लागत नाहीं. "पडला ना? मग हातपाय हालवायला काय झालें होतें?" असें बोलणें सोपें आहे. या रोग्यांनीं जन्मभर एकच प्रश्न ऐकला आहे, कीं हें तुला कशानें झालें? आतां अशक्तपणाबद्दलही त्यांसच गुन्हेगार ठरविलें, तर आपण जुन्याच जखमेवर नवा घाव घातला असें होईल. माझें मत असें आहे कीं, ज्या कर्तव्याची वाट दुसऱ्यांनीं अडविली आहे, त्याचा जाब एकट्यास विचारतां येत नाहीं. कल्पना करा, पहांटे एक वयस्कर बाई गांवाबाहेरच्या रस्त्यानें चालण्यास निघते. ओट्यावर बसलेले लोक तिच्याकडे पाहून कुजबुजतात. दुसऱ्या दिवशीं ती घराबाहेर पडत नाहीं. तिचा व्यायाम कोणीं मोडला, तिच्या आळसानें कीं त्या ओट्यानें? वर सांगितलेल्या प्रयोगांतूनही मध्येंच गळालेलीं माणसें थोडीं नव्हतीं. शास्त्रज्ञांच्या देखरेखीखालीं जें टिकवणें कठीण, तें कुजबुजीखालीं कसें टिकेल?

म्हणून शेजाऱ्याचें कर्तव्य दुहेरी आहे. एक, जिभेला आवर. २०१७ सालीं झालेला व १० सप्टेंबर २०१८ पासून अमलांत आलेला कायदा कोणाचा संसर्ग त्याच्या संमतीवांचून उघड करण्यास सामान्यतः मनाई करितो. पण कायदा ओट्यापर्यंत क्वचितच पोंचतो, तेथें विवेकच पोंचला पाहिजे. दुसरें, सोबत. म्हातारीं माणसें चारचौघांबरोबर चालूं लागलीं, तर त्यांतील कोणास कोणता रोग आहे हें विचारण्याचें कारणच उरत नाहीं. मधुमेही, सांधेदुखीचा, आणि गोळ्या खाणारा हा, सगळे एकाच रस्त्यानें चालोत.

व्यायाम करावा कसा, हेंही थोडक्यांत सांगतों. आधीं औषध देणाऱ्या डॉक्टरांस विचारावें. ताप, छातींत कळ, घेरी किंवा बसल्या जागीं धाप असेल, तर त्या दिवशीं करूं नये. चालतांना बोलतां यावें पण गातां येऊं नये, इतपत वेग असावा. भिंतीस टेकविलेल्या खुर्चीवरून हात न टेकतां हळू उठावें व बसावें. पांच वेळां जमलें कीं पुढें आठ, मग दहा. भिंतीला तळहात लावून अंग पुढेंमागें करावें. पाण्यानें भरलेले दोन तांबे हातीं घेऊन उचलावे. भिंतीजवळ उभें राहून एका पायावर तोल धरावा. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं वृद्धांस आठवड्यास १५० ते ३०० मिनिटें मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला, दोन दिवस स्नायूंसाठीं व तीन दिवस तोलासाठीं राखावे असें म्हटलें. पण ज्याला दहाच मिनिटें जमतील त्यानें दहाच करावीं. व्यायामामुळें गोळ्या मात्र एक दिवसही सोडूं नयेत. ती मोठी चूक होईल.

तात्पर्य हें कीं, लाभलेल्या वर्षांत आपल्या पायांवर उभें राहण्याचा यत्न करणें हें रोग्याचें काम, आणि त्याची वाट मोकळी ठेवणें हें आपलें. उद्यां पहांटे असें कोणी वयस्कर माणूस रस्त्यानें एकटें चालतांना दिसलें, तर कांहीं विचारूं नका. वहाणा घाला आणि त्याच्या पावलानें थोडें चाला.