अर्धे लिहिलेले पत्र

गोव्यात पेडण्याच्या गावागावांत जत्रा सुरू झाल्या की पालखी फिरून आल्यावर, रात्र चढता चढता, देवळासमोर दशावताराचे आख्यान उभे राहते. या नाटकाला लिहिलेली संहिता नसते. कथा कोणती आणि प्रवेश कसे लावायचे एवढे आधी ठरते. बोलायचे ते ज्याचे त्याने, तिथल्या तिथे. त्यामुळे या भागातला प्रेक्षक बोलण्याचा मोठा जाणकार आहे. राजपार्टी नटाचे, म्हणजे राजाची भूमिका करणाऱ्याचे, वाक्य कुठे ढिले पडले, हे पुढ्यात मांडी घालून बसलेल्या म्हाताऱ्याला नटाच्या आधी कळते. मी मात्र लहानपणापासून नारदाची वाट बघत आलो. नारद खोटे क्वचितच बोलतो. तो वाक्य अर्धे बोलतो, 'नारायण, नारायण' म्हणतो आणि निघून जातो. उरलेले अर्धे राजा आपल्या मनातून भरतो आणि भांडण पेटते ते त्या भरलेल्या अर्ध्यामुळे.

पुढे शेक्सपिअरचे 'ज्युलिअस सीझर' वाचले तेव्हा हा नारद मला तिथेही भेटला. नाटक १५९९ च्या सुमाराचे, त्यातला सीझरचा खून इसवी सनापूर्वी ४४ चा. कॅशिअसला या खुनाच्या कटात ब्रूटस हवा आहे, कारण ब्रूटसची अब्रू मोठी. तो असला की खुनाला तत्त्वाचे रूप येते. म्हणून कॅशिअस निरनिराळ्या हस्ताक्षरांत चिठ्ठ्या तयार करतो आणि ब्रूटसच्या घरात टाकवतो, जणू रोमचे नागरिकच त्याला हाक देत आहेत. शेक्सपिअरने कथा घेतली ती ग्रीक चरित्रकार प्लूटार्ककडून. प्लूटार्कने लिहिलेल्या चरित्रात अशा चिठ्ठ्या लोकच ब्रूटससाठी ठेवून जातात. त्या बनावट केल्या शेक्सपिअरने. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याने चिठ्ठी अपुरी ठेवली. ब्रूटस ती उल्कांच्या उजेडात वाचतो, वाक्य तुटते तिथे थांबतो आणि पुढचे शब्द स्वतः घालतो. कॅशिअसने त्याला फसवले असे आपण म्हणतो, पण त्या वाक्याचा निम्मा भाग ब्रूटसच्याच पदरचा आहे. चिठ्ठी कोणी लिहिली, हे तो कुणालाच विचारत नाही.

खुनानंतर सीझरचा मित्र अँटनी याने प्रेतापाशी केलेले भाषण वक्तृत्वाचा नमुना म्हणून शिकवले जाते. मला त्याचे बळ अलंकारांत दिसत नाही. आधी ब्रूटस गद्यात बोलतो, रेखीव कारणे देतो आणि ऐकणाऱ्याने भरावे असे काही मागे ठेवत नाही. अँटनी सीझरचे मृत्युपत्र काढून दाखवतो आणि लगेच वाचत नाही. मध्येच गळा दाटून थांबतो. मारेकऱ्यांना सन्माननीय म्हणत राहतो आणि त्या शब्दाचा उलटा अर्थ लोकांना आपापला लावू देतो. घटकेपूर्वी ब्रूटसचा जयजयकार करणारे तेच लोक जाळपोळ करायला धावतात आणि वाटेत त्यांना सिन्ना नावाचा कवी भेटतो. कटातल्या सिन्नाशी त्याचे फक्त नाव जुळते. तो परोपरीने सांगतो, मी कवी आहे, तो सिन्ना मी नव्हे. तरी त्याला फाडतात. हा एवढासा प्रवेश पुष्कळदा प्रयोगातून गाळला जातो. तो गाळू नये. अर्धी वाक्ये भरायची सवय लागलेल्या गर्दीला माणूस मारायला नावही पुरते, हे त्याच प्रवेशात कळते.

अशाच एका पत्राची खूण आमच्या गोव्यातही आहे. डिचोलीत एका टेकाडावर नमाजगाह आहे. औरंगजेबाचा बंडखोर मुलगा, शाहजादा अकबर, याने तो बांधला असे मानतात. संभाजीराजांच्या आश्रयाला आलेला अकबर १६८३ च्या सुमारास डिचोलीत मुक्कामाला होता आणि इराणला जायला जहाज मिळावे या खटपटीत होता. दिल्लीचे तख्त मागणारा माणूस इथवर आला तो एका पत्रामुळे. जानेवारी १६८१ मध्ये राजपुतांच्या बळावर त्याने स्वतःला बादशहा जाहीर केले आणि अजमेरजवळ बापासमोर फौज उभी केली. औरंगजेबाने तलवार उपसली नाही. राजपुतांना चांगले जाळ्यात आणलेस, अशा शाबासकीचे पत्र त्याने मुलाच्या नावे लिहिले आणि ते राजपुतांच्याच हाती पडेल अशी तजवीज केली. राजपुतांचा सरदार दुर्गादास राठोड रात्रीच अकबराच्या तंबूपाशी खुलासा विचारायला गेला. अकबर झोपला होता आणि त्याला उठवायला चाकर तयार होईनात. मग उरलेला मजकूर राजपुतांनी आपल्या संशयाने भरला. उजाडले तेव्हा छावणी ओस पडली होती.

ब्रूटसहून दुर्गादास मला थोर वाटतो तो पुढच्या वागण्यामुळे. डाव ध्यानात येताच तो माघारी फिरला, अकबराला सोबत घेतले आणि मोगलांचा पाठलाग चुकवत त्याला संभाजीराजांच्या मुलखात पोचवले. त्याच वर्षी राजांविरुद्ध कट करणाऱ्यांनी याच अकबराला पत्र धाडले, तर त्याने ते राजांना कळवले. एका पत्राने पोळलेल्या माणसाने दुसरे पत्र आपल्या मनाने पुरे केले नाही.

आता आजचा गोवा. २२ जानेवारी २०२२ रोजी, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, काँग्रेसच्या उमेदवारांनी पणजीच्या महालक्ष्मीसमोर, बांबोळीच्या क्रुसासमोर आणि बेतीच्या दर्ग्यात पक्ष न सोडण्याची शपथ घेतली. त्याच वर्षी १४ सप्टेंबरला निवडून आलेल्या ११ पैकी ८ आमदार भाजपमध्ये गेले. २०१९ च्या जुलैत १५ पैकी १० गेले होते. दोन्ही वेळा आकडा दोन तृतीयांशाला पोचला, कारण राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टात विलीनीकरणाची वाट तेवढ्याने मोकळी होते. २०१९ च्याच मार्चमध्ये महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या (मगो) ३ पैकी २ आमदारांनी मध्यरात्री पक्ष सोडला. त्यांतला एक पेडण्याचा होता.

कारण दर वेळी एकच दिले जाते: मतदारसंघाचा विकास. हे अर्धे वाक्य आहे. कोणत्या वाड्यावरचा विकास, कोणते काम, किती दिवसांत, हे सांगणारा सांगत नाही. ते आपण भरतो. कुणी त्यात मुलाची सरकारी नोकरी भरतो, कुणी नळाचे पाणी, कुणी दारापर्यंतचा रस्ता. शपथ मोडणारा दगलबाजच आहे, त्याला दुसरा शब्द नाही. पण पुढच्या वेळी तोच माणूस निवडून येतो तेव्हा त्या पत्रातल्या रिकाम्या जागा आपल्या अक्षरात भरलेल्या असतात.

जत्रेच्या रात्री नटाचे ढिले वाक्य अचूक पकडणाऱ्या माझ्या पेडणेकरांनो, डिचोलीकरांनो, प्रचाराच्या सभेला जाताना तेच कान घेऊन जा. उमेदवार 'विकास' म्हणून थांबला की पुढचे शब्द तुम्ही घालू नका, त्याच्याकडूनच वदवून घ्या. नंतर कधी खुलासा मागायला गेलात आणि साहेब झोपलेत असे दारातल्या माणसाने सांगितले, तर उजाडेपर्यंत तिथेच थांबा.